अक्काचे झोपलेले खेकडे

हुबळीपासून धारवाडपर्यंत खेकड्याच्या पोटाची जेवढी काळजी माझ्या अक्काला होती तेवढी दुसऱ्या कुणालाही नव्हती. खुद्द खेकड्यालाही नसावी. खेकडा आपला मिळेल ते गिळतो, पोटातल्या दातांनी चघळतो आणि बिळात जाऊन पडतो. ते पोट चालतं कसं, थांबतं कधी, आणि थांबलेलं पुन्हा सुरू होतं ते कुणाच्या हुकमानं, याचा घोर मात्र मधल्या वाटेवरच्या उणकलला आत्याच्या घरात ही एकटी बाई वर्षानुवर्षं घेऊन बसली होती.

अक्का म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. माझ्याहून बरीच मोठी. धारवाडच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्राची अतिथी व्याख्याता होती. अतिथी म्हणजे असा पाहुणा, ज्याला पुढच्या जूनमध्ये बोलावणं येईल की नाही ते ठाऊक नसतं आणि आलं तर चहा स्वतःचा स्वतःच करून घ्यावा लागतो. यावर मी एक पत्रक काढलेलं आहे. मी पत्रकं काढते: पाण्याचा नळ, वसतिगृहातलं जेवण, बसचा पास, जे नडेल ते. पत्रकाची रीत ठरलेली असते. पहिल्या ओळीत शत्रू सांगायचा, दुसरीत मागणी, शेवटी उद्गारचिन्ह. अक्कावर लिहायला बसले तेव्हा कळलं, की या रीतीनं माणूस लिहिता येत नाही. मग आठवेल तसं लिहिते.

तिच्या पर्समध्ये कंगवा कधी सापडायचा नाही, पण चिमटे सापडायचे. घड्याळजी वापरतात त्याहून बारीक. सुती साडी, तिच्यावर कॉलेजचा पांढरा कोट, आणि हातात झाकणाची वेताची टोपली. बसमध्ये शेजारच्या बायका टोपलीकडे बघून विचारायच्या, "पेढे काय?" अक्का खरं बोलायची. "नाही हो, खेकडे." लगेच शेजारची जागा मोकळी व्हायची आणि टोपलीला बसायला मिळायचं. एकदा गचका बसून झाकण उडालं आणि एक खेकडा बसच्या मधल्या वाटेनं तिरपा तिरपा ड्रायव्हरकडे निघाला. लोक ओरडायला लागले. अक्का उठून उभी राहिली आणि वर्गात सांगावं तशी आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत म्हणाली, "कुणी पाय खाली ठेवायचे नाहीत. तो घाबरलाय." अख्खी बस पाय वर घेऊन बसली. कंडक्टर तेवढा उभा होता. तोही एका पायावर. खेकडा टोपलीत गेल्यावर अक्कानं त्याचीच माफी मागितली, बसची नाही.

मासळी बाजारात एक म्हातारी मासळीवाली होती. अक्काला लांबून बघितली की ती हाक मारायची, "अक्का, एडि बंदावरी!" म्हणजे खेकडे आलेत. बाकीची गिऱ्हाइकं खेकडा भरलाय का ते दाबून बघायची. अक्का त्याच्यासमोर बोट नाचवून त्याचा स्वभाव बघायची. "हा नको, खचलाय. तो द्या, चिडका." म्हातारी कपाळाला हात लावायची. "रश्शात पडल्यावर चिडका काय आणि शांत काय, अक्का?" पण अक्का रस्सा करतच नव्हती. खेकडा बर्फात ठेवून बधिर करायचा, पोटाजवळची मोहरीएवढी मज्जागाठ काढायची आणि ती थंड खाऱ्या पाण्याच्या ताटलीत टाचायची, एवढाच तिचा स्वयंपाक. उरलेल्या नांग्यांकडे बघून आत्याचा जीव तुटायचा. "एवढा भरलेला खेकडा, आणि काढून काय घेतलंस, तर मोहरी!" आमच्या घराण्यात खेकडा टाकून देणारी पहिली पिढी म्हणून आत्यानं तिला कधी माफ केलं नाही.

ती गाठ म्हणजे काय, ते मला अक्कानं भाकरीवरून समजावलं होतं. आत्या चुलीपाशी होती, मी ताटावर. अक्का म्हणाली, "तुझ्या आईची भाकरी आणि माझ्या आईची भाकरी शेजारी ठेव. ओळखशील?"

"नाही."

"पण आई पीठ कढत पाण्यात भिजवती, मामी गार पाण्यात. आई मळती थोडं, मामी मळून मळून जीव काढती. तरी भाकरी गोल. खेकड्याच्या त्या गाठीत पंचवीस-तीस पेशी असतात. त्या मिळून पोटाचा ताल धरतात. दोन खेकड्यांचा ताल ऐक, अगदी सारखा. पेशी उघडून बघ, सामान निराळं. जनुकांचं पुस्तक सगळ्यांना एकच. पण कुठल्या पानाच्या किती चिठ्ठ्या उतरवायच्या ते जिचं तिनं ठरवायचं. एकीनं ढीगभर उतरवल्या, दुसरीनं जेमतेम."

"तरी भाकरी गोल," मी म्हटलं.

"तरी गोल! का?" असं म्हणून ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू भाकरी मीच थापली होती.

आत्या तव्याकडे बघतच म्हणाली, "झाली ना गोल? मग खा की. त्यात आणि काय बघायचंय?"

हा 'आणि काय'च अक्काचा सगळा संसार होता. तिच्या कॉलेजातल्या खोलीत एक यंत्र होतं. ताटलीतल्या गाठीला बारीक तार लावली, की यंत्राच्या स्पीकरमधून पोटाचा ताल ऐकू यायचा: टकटक, टक, मग जरा दम, पुन्हा टकटक, टक. शरीर नाही, पोट नाही, खायला काही नाही, आणि गाठ आपली ताल धरून बसलेली. आमच्या संघटनेची पोरं एकदा बघायला आली, तेव्हा त्यातला एक म्हणाला, "अक्का, हा आपल्या मोर्चातला हलगीवालाच की! लोक घरी गेले तरी वाजवत बसतोय." अक्का इतकी खूश झाली, की पुढे वर्गातही तिनं हलगीचंच उदाहरण दिलं. लग्नात बँड वाजला की डोळे मिटून ठोके मोजायची आणि चुकला की वाजवणाऱ्याकडे करुणेनं बघायची. "याच्या मज्जागाठीत काहीतरी कमी पडतंय," असं ती नवरदेवाच्या बापालाही सांगून आली होती.

तिचं माझं एकदाच खरं भांडण झालं, ते पाटीवरून. धारवाडजवळच्या एका गावात हॉटेलवाला आमच्या माणसांना वेगळ्या कपात चहा देत होता. त्यावर पत्रक वाटून मी तिथून थेट तिच्या कॉलेजात गेले. डोकं तापलेलंच होतं. तिच्या खोलीच्या दारावर लाल अक्षरांत पाटी: 'मुट्टबारदु. हात लावू नये.' माझ्या सख्ख्या आत्याच्या मुलीच्या दारावर.

"हे काय आहे?"

"पाटी."

"अक्का, आज्जीला विहिरीवर हेच ऐकवलेलं ना? आणि तू दारावर रंगवून लावतीस?"

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझा हात धरून तळवा वर केला आणि दिव्याखाली नेला. "पेशीतल्या त्या चिठ्ठ्या सांगितल्या होत्या ना, त्या खाऊन टाकणारं द्रव्य ह्या हातावर आहे. घामात, थुंकीत, कातडीवर. तुझ्या हातावर आहे, माझ्या हातावर आहे. प्राचार्यांच्या हातावर आहे. त्यांच्या सोवळ्यातल्या आईच्या हातावरही तेवढंच आहे. एक बोट लागलं की वर्षाची मेहनत खलास. इथं कुणाचाच हात चालत नाही गं. पाटी मी आधी मला लावलीय." मग म्हणाली, "असली पाटी आज्जीला बघाय मिळाय पाहिजे होती. सगळ्यांना मिळून एक."

तिनं मला रबरी मोजे दिले, तोंडाला फडकं बांधलं, आणि बजावलं, "आत बोलायचं नाही. थुंकी उडती." मला गप्प बसवणारी धारवाडमधली ती एकमेव खोली. हा नियम तिनं घरीही चालवला. आत्यानं पानं वाढली की अक्का आमटीवर कुणाला बोलू द्यायची नाही, चमचे पुसून पुसून झिजवायची. एकदा आत्या वैतागून मला म्हणाली, "मी लोणच्याच्या बरणीला शिवू नका म्हटलं तर तुम्ही पोरी माझ्यावर पत्रक काढता. आणि हिच्या नळ्यांना शिवू नका म्हटलं की ते शास्त्र!"

आता मुद्द्याची गोष्ट. अक्काचा खरा जीव बाजारातल्या खेकड्यांत नव्हता. त्यांच्यावर ती नुसता हात बसवायची. जीव होता शेतातल्या खेकड्यांत. उन्हाळा लागला की शेतातला खेकडा खोल बिळात जातो, तोंडाशी चिखलाचं बूच मारतो आणि झोपतो. खाणं बंद, पोट बंद. शेतात पाणी आलं की उठतो, आणि पोटाचा ताल पहिल्यासारखा! अक्काचा प्रश्न एवढाच होता: इतके महिने ताल बंद असताना त्या पेशी कुठल्या चिठ्ठ्या उतरवत असतात? आणि उठल्यावर काय उतरवतात, की जुना ताल परत सापडतो? त्यासाठी ती कित्येक उन्हाळे उणकलच्या पलीकडच्या शेतांत कोपरापर्यंत हात घालून बिळं खणत हिंडली. शेतकरी विचारायचे, "काय हरवलंय, अक्का?" एकेका खेकड्याची एकेक पेशी सुटी करून बारीक नळीत टाकायची आणि हाडं गोठवणाऱ्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवायची. खालच्या कप्प्यात झोपलेले, वरच्या कप्प्यात जागे झालेले. चिठ्ठ्या मोजायचं यंत्र धारवाडच्या त्या कॉलेजात नव्हतं. पुरेशा नळ्या जमल्या की बेंगळूरच्या एका प्रयोगशाळेत नेऊन मोजायच्या, असं तिच्या जुन्या गुरूंशी ठरलं होतं. तोवर त्या गोठलेल्या राहायला हव्यात. वितळल्या की चिठ्ठ्या संपल्या.

आणि कॉलेजला ती खोली हवी झाली. तपासणीची समिती येणार होती, तिच्यासाठी गुणवत्ता कक्ष उघडायचा होता. अक्काला कळवण्यात आलं, की खोली रिकामी करा, फ्रीजर वीज फार खातो, आणि येत्या जूनपासून आपल्या सेवेची आवश्यकता नाही. आत्या रडली. अक्का म्हणाली, "मी जाते की. नळ्यांना कुठं नेऊ?"

मी मात्र बरोबर कुठं जायचं ते ओळखलं. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या छापखान्यात पत्रक टाकलं. शाई ओली असतानाच गठ्ठा घेऊन अक्काकडे गेले. मथळा मलाच इतका आवडला होता, की तो मी मोठ्यानं वाचून दाखवला: 'व्यवस्थापनाच्या खेकडावृत्तीचा धिक्कार असो!'

अक्काचा चेहरा पडला. "हे वाटायचं नाही."

"का?"

"खेकडावृत्ती म्हणजे काय?"

"म्हणजे, एक वर चढायला लागला की दुसरा पाय ओढतो. सगळं जग म्हणतं."

"सगळं जग बिळात हात घालून बघाय गेलंय काय? बिळात खेकडा एकटा राहतो. कुणाच्या पायात नाही, कुणाच्या वाटेत नाही. पाय ओढतो ते टोपलीत कोंबल्यावर. जीव वाचवायला मिळेल त्याला धरतो बिचारा." ती इतकी चिडलेली मी कधी बघितली नव्हती, नोकरी गेल्यावरही नाही. "टोपली कुणी आणली, ते लिही की!"

छापखानेवाल्यानं मला दोन भाषांत शिव्या दिल्या, पण नवं पत्रक निघालं. मथळा: 'टोपली कुणाची?' आजवर मी काढलेलं हे सगळ्यात चांगलं पत्रक, आणि त्यातली चांगली ओळ माझी नाही.

पत्रक प्राचार्यांपर्यंत पोचलं. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. मी भांडायच्या तयारीनं पदर खोचून गेले होते. ते अगदी मृदू आवाजात म्हणाले, "मॅडम, एडि सत्त म्याल फ्रिज याक री?" खेकडा मेल्यावर त्याला फ्रीज कशाला, एवढीच त्यांची शंका. अक्कानं त्यांना कन्नडमध्ये पोटातल्या दातांपासून सांगायला सुरुवात केली. माझ्या घोषणा तोंडातच राहिल्या. प्राचार्यांनी चहा मागवला, मग दुसरा मागवला, मग हळूच विचारलं की आपल्याला रात्री छातीत जळजळतं, त्याचाही या गाठीशी काही संबंध असेल काय. महिनाअखेरपर्यंत फ्रीजर चालू राहील, असा शब्द त्यांनी दिला. नोकरीचं त्यांच्या हातात नव्हतं, असं ते म्हणाले. असेलही.

शब्द त्यांनी पाळला असता. पण रंगारी आधी आले. भिंत घासायचं यंत्र लावायला त्यांना प्लग हवा होता, म्हणून त्यांनी फ्रीजरचा काढला. वाईट मनात काही नव्हतं. उलट रंग उडू नये म्हणून फ्रीजरवर त्यांनी स्वतःची चादर नीट पांघरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेली, चादर काढली, दार उघडलं. वरचा कप्पा वितळला होता. खालच्या कप्प्यात बर्फाचा जाड थर होता म्हणून तो टिकला.

तिनं मला फोन केला तेव्हा आवाज अगदी सपाट होता. "सुकं बर्फ लागंल. आणि डबा. आणि हात."

सुकं बर्फ, म्हणजे ड्राय आइस, औद्योगिक वसाहतीतून आमच्या पोरांनी आणलं. डबा आणला मासळीवाल्या म्हातारीनं, थर्मोकोलचा, बांगड्याच्या वासाचा. एरवी चमचा दहादा पुसणाऱ्या अक्कानं तो औषधानं धुतला, पुसला, हुंगला आणि म्हणाली, "चालंल." मग तिनं आम्हा सगळ्यांना मोजे वाटले. मला, आत्याला, म्हातारीला, पोरांना. स्वतःच्या हातानं एकेकाचं तोंड बांधलं. आम्ही एका रांगेत उभं राहून फ्रीजरपासून डब्यापर्यंत नळ्यांच्या पेट्या पुढे दिल्या. घोषणांनी कॉलेज दणाणून सोडणारी पोरं, बाजार डोक्यावर घेणारी म्हातारी आणि जन्मभर एक क्षण गप्प न बसलेली माझी आत्या: कुणी एक शब्द काढला नाही. रंगारीही ब्रश खाली ठेवून उभे होते. त्या पाटीच्या आत इतकी माणसं पहिल्यांदाच शिरली होती. वितळलेल्या नळ्याही अक्कानं टाकल्या नाहीत. त्याही डब्यात ठेवल्या, वेगळ्या.

बेंगळूरला झोपलेल्या खेकड्यांच्या चिठ्ठ्या सापडल्या. ताल बंद असतानाही त्या पेशी स्वस्थ नव्हत्या. चिठ्ठ्या उतरवतच होत्या, फक्त जागेपणीच्या प्रमाणात नाही. हे सांगताना अक्का फोनवर लहान पोरीसारखी बोलत होती. जागे झालेल्यांच्या नळ्यांत मात्र काही उरलं नव्हतं. म्हणजे झोप कळली, उठणं कळलं नाही. अर्धा प्रश्न तसाच राहिला. गुरूंनी तिला तिथंच ठेवून घेतलं. आता ती दुसऱ्यांच्या नळ्यांतल्या चिठ्ठ्या मोजते. पगार वेळेवर होतो, कॅन्टीनचा चहा आयता मिळतो, आणि तिथं खिडकीतून शेत दिसत नाही.

उठलेले खेकडे पुन्हा जमवायचे तर पुन्हा काही उन्हाळे हवेत, आणि शेतं हवीत. ती खणायची त्यातल्या निम्म्या जागी आता लेआउट पडलेत. कमानी उभ्या आहेत, सिमेंटचे रस्ते आहेत, प्लॉटला नंबर आहेत. त्यावर माझं पत्रक चालू आहे. शत्रू, मागणी, उद्गारचिन्ह, सगळं आहे. तलावाकडे जाणारा एक ओढा बुजवायला घेतला होता, तो बघायला या पावसाळ्यात मी उणकलच्या पलीकडे गेले होते. बांधाच्या कडेला, मोजणीच्या दगडाला लागून, एक बीळ दिसलं. तोंडाशी चिखल ताजा होता. मी बाही वर करून हात घातला. त्यानं लगेच धरलं. ओरडतच मी त्याला बाहेर काढलं आणि दुसऱ्या हातानं अक्काला व्हिडिओ कॉल लावला.

"सापडला! चावला बघ!"

"त्याचा पाय बिय मोडला नाही ना?" ती म्हणाली. मग, "दाखव."

मी दाखवला. ती पडद्याच्या इतकी जवळ आली, की मला नुसता तिचा चष्मा दिसायला लागला.

"तोंडाकडून धर. तसं नव्हं गं, पोट वर कर. हां. जबडे हलवाय लागलाय बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे सुरू झालंय."

"पाठवू काय? रात्रीच्या बसनं आमचा एक पोरगा येणार आहे तिकडं."

ती पडद्यापासून जरा मागं सरकली. "एकानं काय होतंय? आणि गाडीत घाबरंल. सोड त्याला."

मागून कुणीतरी तिला इंग्रजीत हाक मारली. "आले," ती तिकडे म्हणाली, पण जागची हलली नाही. मी खेकडा बिळापाशी ठेवला. तो क्षणभर तिथंच थांबला, मग तिरपा होऊन एकेक पाय आत घ्यायला लागला.

"ठेवू मग फोन?"

"थांब की," अक्का म्हणाली. "पुरता आत जाऊ दे."

मी फोन बिळाच्या तोंडाशी धरून चिखलात उकिडवी बसून राहिले.